पडद्यावरचं युद्ध आणि खरी माणसं: 'सत्य घटनेवर आधारित' म्हणजे किती सत्य?

१९९७ चा 'बॉर्डर' ज्यांनी पाहिला, त्यांना भैरोसिंग विसरणं शक्य नाही. सुनील शेट्टीने साकारलेला सीमा सुरक्षा दलाचा तो राजस्थानी जवान शेवटी शत्रूच्या रणगाड्याला भिडतो आणि वीरगतीला जातो. थिएटरमधला अंधार अशा वेळी फार कामाला येतो, डोळे पुसता येतात.

खरे भैरोसिंग राठोड १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातल्या लोंगेवालाच्या लढाईत होते. सोबतचा जवान पडल्यावर त्याची लाइट मशीनगन हातात घेऊन ते लढले. त्यांना सेना पदक मिळालं. आणि ते जिवंत परतले. निवृत्तीनंतर जोधपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी राहिले आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे पडद्यावरच्या मरणानंतर २५ वर्षांनी, त्यांचं निधन झालं. एवढी वर्षं अर्धा देश त्यांना हुतात्मा समजत होता.

प्रत्येक नव्या युद्धपटासोबत तोच वाद पुन्हा पेटतो. एक बाजू म्हणते, सगळं खरं आहे, सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटीच येते ना? दुसरी म्हणते, सगळा मसाला आहे. मला युद्धपट मनापासून आवडतात, आणि त्यांच्यामागची माणसं त्याहून जास्त. म्हणून ही पाटी नेमकं काय सांगते, चित्रपट खऱ्या लढाईत काय बदलतो, का बदलतो, आणि खरं शोधायचं तर कुठे, हे नीट उलगडून पाहू.

एकाच पडद्यावर दोन पाट्या

बहुतेक युद्धपटांच्या सुरुवातीला दोन मजकूर दिसतात. एक सांगतो की ही कथा सत्य घटनेवर आधारित आहे. दुसरा, बारीक अक्षरांतला, सांगतो की यातली काही पात्रं आणि प्रसंग काल्पनिक आहेत, साम्य आढळल्यास योगायोग समजावा. या दुसऱ्या पाटीला डिस्क्लेमर म्हणतात, म्हणजे निर्मात्याने कायदेशीर जबाबदारी झटकण्यासाठी केलेला खुलासा.

ही पाटी आली कुठून, त्याचा किस्सा सांगण्याजोगा आहे. १९३२ साली हॉलिवूडमध्ये रशियाच्या रास्पुतिनवर एक चित्रपट निघाला. त्यातल्या एका राजकन्येच्या पात्रात आपली बदनामी झाली, असं म्हणत रशियातून परागंदा झालेल्या राजकन्या इरिना युसुपोव्ह यांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला आणि १९३४ मध्ये त्या जिंकल्या. चित्रपटाच्या सुरुवातीलाच, यातली काही माणसं अजून हयात आहेत, असं मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, तेच कंपनीला भोवलं. तेव्हापासून 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ जगभर रुळली.

पहिल्या पाटीचं काय? 'प्रेरित', 'आधारित' आणि 'खरी कहाणी' या तीन शब्दांत किती टक्के सत्य असावं, याचा कुठेही ठरलेला नियम नाही. आपल्याकडे प्रमाणन मंडळ चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकांनी पाहावा हे ठरवतं, लढाईच्या तारखा तपासणं हे त्याचं काम नाही. सैन्यावरच्या चित्रपटांसाठी निर्मात्यांनी ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं, असं संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये सुचवलं. पण त्यामागची मुख्य काळजी सैन्याच्या प्रतिमेची आहे. त्याच वर्षी कारगिलमध्ये हेलिकॉप्टर उडवणाऱ्या गुंजन सक्सेना यांच्यावरच्या चित्रपटाबद्दल हवाई दलाने प्रमाणन मंडळाला पत्र लिहून आक्षेप घेतला. त्यांच्या संस्थेचं चित्रण अकारण नकारात्मक केलंय, असं हवाई दलाचं म्हणणं होतं. थोडक्यात, ती पाटी निर्मात्याने स्वतः लावलेली असते. तिच्यावर तपासणाऱ्याची सही नसते.

लोंगेवाला: रात्र खरी कशी होती?

लढाईचा चित्रपट होताना काय बदलतं, हे लोंगेवालावरून सगळ्यात चांगलं कळतं, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

४ डिसेंबर १९७१ ची रात्र. राजस्थानच्या वाळवंटातल्या ठाण्यावर २३ पंजाब पलटणीची एक कंपनी होती, सुमारे १२० जवान, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली. गस्तीवर गेलेल्या धर्मवीर या तरुण अधिकाऱ्याच्या तुकडीला सीमेच्या बाजूने रणगाड्यांची घरघर ऐकू आली. येत होते ४० हून अधिक रणगाडे आणि त्यांच्यामागे मोठं पायदळ. चांदपुरींपुढे दोनच वाटा होत्या: ठाणं सोडून पायी माघार घ्यायची, नाहीतर मदत येईपर्यंत तिथेच तग धरायचा. त्यांनी थांबायचं ठरवलं. त्या अंधारात, रणगाड्यांविरुद्ध हाताशी जवळपास काहीच नसताना, हा निर्णय घेणं हे माझ्या मते त्या रात्रीचं सर्वांत मोठं शौर्य. त्यासाठी त्यांना महावीर चक्र मिळालं.

यानंतरचा भाग चित्रपटात दाखवायला अवघड आहे, कारण त्यात बराच वेळ वाट पाहणंच आहे. पुढे सरकणाऱ्या शत्रूला अंधारात काटेरी तारांचं कुंपण लागलं. तार आहे म्हणजे सुरुंग पेरलेले असणार, असं समजून ते थांबले. सुरुंग शोधणारी माणसं पुढे आणली गेली. सुरुंग नव्हतेच, पण रात्रीचा मोलाचा वेळ गेला. बाजूने वळसा घालायला गेलेले रणगाडे मऊ वाळूत रुतले. इकडे जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ जवळ आलेले रणगाडे टिपत होती. जैसलमेरच्या तळावरची हंटर विमानं मात्र हात बांधून बसलेली, कारण रात्री हल्ला करण्याची साधनं त्यांच्यात नव्हती. उजाडलं आणि चित्र पालटलं. उघड्या वाळवंटात, डोक्यावर स्वतःच्या विमानांचं छत्र नसलेले रणगाडे हंटरसाठी सोपं लक्ष्य ठरले. ३० हून अधिक रणगाडे नष्ट झाले किंवा तसेच टाकून दिले गेले. भारतीय बाजूचे दोन जवान कामी आले.

आता चित्रपट आठवा. रात्रभर हातघाईची लढाई, एकामागून एक पडणारे ओळखीचे चेहरे, आणि शेवटी येणारी विमानं. कसोटी सामन्याचे हायलाइट्स पाहताना आपल्याला चौकार आणि पडलेल्या विकेट्स दिसतात. ज्या निर्धाव षटकांनी फलंदाजाला त्या चुकीच्या फटक्यापर्यंत आणलं, ती कापलेली असतात. चित्रपट तेच करतो. तारेपाशी वाया गेलेला वेळ हे लोंगेवालाचं निर्धाव षटक, आणि त्याशिवाय त्या विजयाचं कारण समजतच नाही.

यातूनच पुढचा वादही जन्मला. श्रेय कंपनीचं की विमानांचं, यावर नंतर काही निवृत्त अधिकाऱ्यांत जाहीर खडाजंगी झाली. मला हा वाद दुर्दैवी वाटतो. कंपनी थांबली नसती तर उजाडेपर्यंत शत्रू तिथे अडकला नसता. विमानं आली नसती तर थांबलेली कंपनी टिकली नसती.

'पण सगळ्यांना दाखवायचं तर चित्रपट दहा तासांचा होईल'

हा आक्षेप अगदी रास्त आहे. म्हणूनच पटकथाकार मिश्र पात्रं तयार करतात, म्हणजे चार-पाच खऱ्या माणसांचे गुण आणि प्रसंग एकाच काल्पनिक माणसात ओततात. यात मुळात वाईट काही नाही. प्रश्न इतकाच, की गाभा शाबूत राहिला का.

'द ग्रेट एस्केप' (१९६३) हे याचं माझ्या मते उत्तम उदाहरण. जर्मनांच्या स्टालाग लुफ्ट ३ या छावणीतून २४ मार्च १९४४ च्या रात्री ७६ युद्धकैदी भुयारातून बाहेर पडले. 'टॉम', 'डिक' आणि 'हॅरी' अशी तीन भुयारं होती. त्यांतलं 'हॅरी' शंभर मीटरहून लांब, साधारण नऊ मीटर खोल, आणि माती ढासळू नये म्हणून पलंगांच्या फळ्यांनी तोललेलं. कोणी खोदत होतं, कोणी खोटी कागदपत्रं रंगवत होतं, कोणी विजारीत दडवलेल्या पिशव्यांतून माती बाहेर नेऊन बागेत पसरत होतं. कामाला सुमारे ६०० माणसं होती. चित्रपटात ती मूठभर पात्रांत सामावली आहेत. स्टीव्ह मॅक्क्वीनची ती गाजलेली मोटारसायकलवरची धाव पूर्णपणे कल्पित आहे. त्या रात्री भुयारातून एकही अमेरिकन बाहेर पडला नव्हता, अमेरिकी कैद्यांना आधीच दुसऱ्या आवारात हलवलं होतं.

तरीही मी या चित्रपटाला खोटा म्हणणार नाही. ७६ पैकी ७३ पकडले गेले आणि हिटलरच्या हुकमावरून त्यांतल्या ५० जणांना गोळ्या घातल्या गेल्या. सुखरूप निसटले फक्त तिघं, दोन नॉर्वेजियन आणि एक डच. चित्रपट हा शेवट लपवत नाही, आणि तो त्या पन्नास जणांनाच अर्पण केलेला आहे.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'चं बीजही असंच खरं आहे. निलंड या अमेरिकी घराण्यातले चार भाऊ दुसऱ्या महायुद्धात होते. तिघं गेले असं समजल्यावर चौथ्याला, फ्रिट्झला, आघाडीवरून परत पाठवण्यात आलं. मात्र चित्रपटातल्यासारखं त्याला शोधायला शत्रूच्या मुलखात कोणतंही पथक गेलं नव्हतं. सैन्याच्या एका धर्मगुरूने त्याला गाठून ही बातमी सांगितली. आणि गेला असं समजलेला एक भाऊ, एडवर्ड, पुढे जपान्यांच्या छावणीतून जिवंत सुटला.

जेव्हा बदल माणसालाच उलटा करून टाकतो

इथे मात्र मी हात आखडता घेणार नाही. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) हा सात ऑस्कर मिळवलेला चित्रपट. त्यातले ब्रिटिश कर्नल निकल्सन जपान्यांच्या कैदेत असताना शिस्तीच्या आणि अभिमानाच्या भरात शत्रूसाठीच उत्तम पूल बांधून देतात, इतके की शेवटी आपल्याच लोकांना तो उडवू देईनात. अभिनय अप्रतिम, कथा भेदक.

थायलंडमधल्या त्या पुलाजवळच्या तामारकान छावणीत कैद्यांचे खरे वरिष्ठ अधिकारी होते लेफ्टनंट कर्नल फिलिप टूझी. सिंगापूर पडताना त्यांना बाहेर पडण्याची संधी होती. आपल्या माणसांना सोडून जाणार नाही म्हणून ते थांबले आणि कैदी झाले. छावणीत त्यांचं एकच ध्येय होतं: जास्तीत जास्त माणसं जिवंत घरी न्यायची. त्यासाठी ते जपान्यांशी वाटाघाटी करत, अन्न, औषध आणि विश्रांती मिळवत, आणि माणसांसाठी बोलल्याबद्दल मारही खात. दुसरीकडे त्यांच्या माणसांनी लाकडात वाळवी सोडणं, काँक्रीट कच्चं मिसळणं असे उद्योग चालू ठेवले होते. ज्याने रोज मार पत्करून माणसं वाचवली, त्याच्या जागी जगाने शत्रूला मदत करणारा हटवादी माणूस पाहिला. सुटून आलेल्या कैद्यांना याचा संताप आला, आणि तो मला पूर्ण पटतो.

चित्रपटातला क्रूर छावणीप्रमुख सैतो हाही उलटाच झाला. खरे सैतो छावणीतले दुय्यम अधिकारी होते आणि इतरांच्या मानाने माणुसकीने वागणारे. युद्धानंतर टूझींनी त्यांच्या बाजूने शब्द टाकला. १९७५ मध्ये टूझी गेले, आणि त्यानंतर काही वर्षांनी सैतो त्यांच्या कबरीचं दर्शन घ्यायला इंग्लंडला आले.

पुढची गोष्ट चित्रपटाची ताकद दाखवते. पूल ज्या नदीवर होता तिचं नाव क्वाय नव्हतंच, ती मे क्लाँग. चित्रपट पाहून लोक क्वाय नदीवरचा पूल शोधत येऊ लागले, तेव्हा १९६० च्या सुमारास नदीच्या त्या भागाचंच नाव बदलण्यात आलं. आणि पडद्यावर उडवलेला पूल प्रत्यक्षात १९४३ पासून वापरात राहिला. १९४५ मध्ये तो विमानांच्या बॉम्बहल्ल्यात मोडला.

चित्रपटात जे जवळपास दिसतच नाहीत, ते आशियाई मजूर. थायलंड आणि ब्रह्मदेश जोडणाऱ्या सुमारे ४१५ किलोमीटरच्या त्या लोहमार्गावर १२ हजारांहून जास्त दोस्तराष्ट्रांचे कैदी मेले, पण मजुरांचे मृत्यू त्याच्या कित्येक पट होते. त्यांत मलायाच्या रबरमळ्यांतून नेलेले तमीळ मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांच्या नावांच्या याद्याही कोणी धड ठेवल्या नाहीत.

'दिग्दर्शक नेहमी वाढवूनच दाखवतात'

नेहमी नाही. कधी कधी ते कमी करून दाखवतात, कारण खरं सांगितलं तर प्रेक्षक विश्वास ठेवणार नाही.

'हॅकसॉ रिज'चा नायक डेस्मंड डॉस हा अमेरिकी सैन्यातला वैद्यकीय मदतनीस. धार्मिक श्रद्धेमुळे तो हातात शस्त्र घेत नसे. १९४५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरच्या एका कड्यावर त्याची तुकडी माघारी गेली तेव्हा तो एकटा मागे राहिला आणि एकेका जखमीला दोराने खाली सोडत राहिला. किती जणांना? त्याच्या मते पन्नासएक असतील, वरिष्ठ म्हणाले शंभर. शेवटी मधला ७५ हा आकडा नोंदला गेला. ही सुटका चित्रपटात आहे.

जे नाही ते असं. काही दिवसांनी ग्रेनेडच्या स्फोटात डॉसचे पाय जखमी झाले. एवढं पडद्यावर दिसतं, पुढचं नाही. दुसऱ्या मदतनीसाला आडोशाबाहेर बोलवायला नको म्हणून त्याने स्वतःच मलमपट्टी केली आणि पाच तास वाट पाहिली. स्ट्रेचरवरून नेत असताना त्याला आपल्याहून गंभीर जखमी दिसला. तो खाली उतरला, स्ट्रेचर त्याला द्यायला लावला. मग गोळी लागून त्याचा हात मोडला. एका रायफलीचा दस्ता त्याने हाताला बांधला आणि सुमारे तीनशे यार्ड सरपटत मदतकेंद्र गाठलं. हे त्याच्या पदकाच्या अधिकृत नोंदीत लिहिलेलं आहे.

ऑडी मर्फी या अमेरिकी सैनिकाने तर १९५५ मध्ये स्वतःवरच्या चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली. जानेवारी १९४५ मध्ये जळत्या वाहनावर चढून, त्यावरच्या मशीनगनने त्याने एकट्याने हल्ला थोपवला होता. चित्रपटाने जे दाखवलं नाही ते त्यानंतरचं आयुष्य: युद्धाच्या आठवणींनी त्याची झोप कायमची उडाली होती.

मग खरं कळणार कुठून?

शौर्यपदकासोबत एक छोटा मजकूर प्रसिद्ध होतो. कोणी, कुठे, कोणत्या दिवशी, काय केलं, हे त्यात असतं. सैन्यात त्याला सायटेशन म्हणतात. युद्धपट पाहून आल्यावर पहिलं वाचायचं ते हेच. पानभराच्या आतला मजकूर असतो, भाषा कोरडी, पण अंगावर काटा आणते.

नाईक यशवंत घाडगे यांचं सायटेशन घ्या. माणगाव परिसरातला हा २२ वर्षांचा जवान मराठा लाइट इन्फंट्रीत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या हाताखालचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मोर्चावर धावून गेले, ग्रेनेड फेकला, गोळ्या झाडल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. यात एकही विशेषण वाढवायची गरज आहे का?

तरी सायटेशनही माणसंच लिहितात, लढाईनंतर लगेच, मिळेल त्या माहितीवर. टायगर हिलवर लढलेले ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांना १९९९ मध्ये परमवीर चक्र जाहीर झालं ते मरणोत्तर म्हणून. नंतर लक्षात आलं की त्याच पलटणीत त्याच नावाचा दुसरा जवान हुतात्मा झाला होता, आणि पदकाचे मानकरी रुग्णालयात बरे होत होते.

म्हणून दुसरा आधार लागतो. प्रत्येक पलटण युद्धकाळात रोजची नोंदवही ठेवते, तिला वॉर डायरी म्हणतात. तिसरा आधार शत्रूच्या नोंदी, चौथा वाचलेल्यांच्या आठवणी. हे जुळले की खात्री वाढते, विसंगत असले की आकडे सैल धरायचे.

आणि एकही माणूस वाचला नाही तर? १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीच्या ठाण्यावर ३६ शीख पलटणीचे हवालदार ईशरसिंग यांच्यासह २१ जवान शेवटपर्यंत लढले. 'केसरी' त्यांच्यावरच आहे. २१ च्या २१ गेले, तरी लढाईचा क्रम आपल्याला माहीत आहे, कारण ठाण्याचं कामच संदेश पाठवण्याचं होतं. गुरमुखसिंग हे जवान हेलिओग्राफने, म्हणजे आरशावरून सूर्यप्रकाश परावर्तित करून, लॉकहार्ट किल्ल्याला खबर देत होते. शेवटी त्यांनी यंत्र बंद करून रायफल उचलायची परवानगी मागितली. इथवरचं संदेशांमुळे ठाऊक आहे. ठाण्यातले संवाद मात्र पटकथाकाराचे.

ज्यांच्यावर चित्रपट निघत नाही

पडद्याला जोरात दिसणारं शौर्य हवं असतं. मंद, चिकाटीचं शौर्य त्याच्या चौकटीत बसत नाही. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांची गोष्ट पाहा. कारवारकडचे राणे बॉम्बे सॅपर्समध्ये होते. सॅपर म्हणजे सैन्याचा अभियंता, जो रस्ते, पूल आणि सुरुंग यांचं काम पाहतो. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट त्यांना मोकळी करायची होती. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांनी त्यांचे दोन जवान मेले, पाच जखमी झाले, स्वतः राणेही जखमी. तरी ८ तारखेपासून पुढचे काही दिवस, वरून गोळीबार चालू असताना, ते सुरुंग काढत राहिले, रस्त्यात आडवी टाकलेली झाडं उडवत राहिले, तुटलेल्या पुलांना वळणवाट काढत राहिले. रणगाडे राजौरीला पोचले. परमवीर चक्र जिवंतपणी मिळवणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी ते एक. पण सुरुंग काढण्यात धावणं नाही, आरोळी नाही. गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून हात चालवायचे, आणि उठून पुढच्या सुरुंगाकडे जायचं.

कधी चौकटीतून अख्खी तुकडीच निसटते. मे-जून १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून तीन लाखांहून अधिक सैनिक इंग्लंडला नेण्यात आले. त्या मोहिमेत भारतीय सैन्याच्या खेचरांच्या चार कंपन्या फ्रान्समध्ये होत्या. त्यांपैकी एक जर्मनांच्या हाती सापडली. २०१७ चा 'डंकर्क' आला तेव्हा हे जवान त्यात कुठेच नाहीत, अशी टीका झाली. ती मला योग्य वाटते. दिग्दर्शकाने त्यांच्यावरच चित्रपट करावा असं नाही, पण किनाऱ्यावरच्या गर्दीत ते दिसले असते तर ते ऐतिहासिकदृष्ट्या अधिक बरोबर झालं असतं.

'अशी तपासणी म्हणजे जवानांचा अपमान नाही का?'

हा आक्षेप सगळ्यात भावनिक, आणि त्याचं उत्तर रेझांग लाकडे आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधल्या सोळा हजार फुटांहून उंच त्या खिंडीत १३ कुमाऊँ पलटणीच्या चार्ली कंपनीने मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली चिनी हल्ला झेलला. मध्ये डोंगर आड येत असल्याने मागून तोफांची मदत मिळणं शक्य नव्हतं. सुमारे १२० पैकी ११४ जण गेले. मूठभर वाचलेल्यांनी जे सांगितलं त्यावर सुरुवातीला अनेकांचा विश्वास बसला नाही. इतक्या कमी माणसांनी इतका प्रतिकार केला, हे कसं शक्य आहे?

फेब्रुवारी १९६३ मध्ये तिथे पोचता आलं, तेव्हा मृतदेह आपापल्या मोर्चांत, हातातल्या शस्त्रांसह गोठलेले सापडले. वाचलेल्यांचा शब्द न् शब्द खरा ठरला. मेजर शैतानसिंगांना परमवीर चक्र मिळालं. त्या जवानांची बाजू पुराव्यानेच मांडली. तपासणीला घाबरण्याचं कारण खऱ्या शौर्याला नसतंच.

तेव्हा पुढच्या वेळी थिएटरमधून बाहेर पडलात की चार गोष्टी टिपून घ्या: नाव, पलटण, तारीख, ठिकाण. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावर सायटेशन वाचायला मिळतात. 'शेरशाह'पासून सुरुवात करून पाहा. कॅप्टन विक्रम बत्रा, १३ जम्मू-काश्मीर रायफल्स, जुलै १९९९, पॉइंट ४८७५. याच पलटणीच्या आणि याच शिखराच्या नावाने शोधलंत की रायफलमन संजयकुमार सापडतील. ४ जुलैला बंकरवर धावून जाऊन त्यांनी हातघाईत तिघांना मारलं, शत्रूने टाकलेली मशीनगन उचलून त्याच्यावरच रोखली, आणि जखमी अवस्थेत लढत राहिले. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं, आणि ते स्वीकारायला ते स्वतः हजर होते. आणखी थोडं शोधलंत तर त्याच शिखराच्या पश्चिम उतारावर ७ जुलैला, म्हणजे बत्रा गेले त्याच दिवशी, धारातीर्थी पडलेले १७ जाट पलटणीचे कॅप्टन अनुज नय्यर भेटतील.